गोड लाल वाइनचे जेवणातले स्थान

वाइनबद्दल थोडेफार वाचलेल्या कुणालाही विचारा, एक नियम तो न चुकता सांगेल: जेवणाबरोबरची लाल वाइन ड्राय असावी, गोड लाल वाइन असलीच तर ती शेवटी, चॉकलेटच्या केकाशेजारी. हॉटेलांच्या वाइन-याद्या, वाइनचे अभ्यासक्रम, जुळणीची पुस्तके, सगळीकडे हाच क्रम छापलेला असतो. नियमाच्या पोटात आणखी एक निवाडाही दडलेला आहे. गोड वाइन आवडणे ही नवशिक्याची अवस्था मानली जाते. जीभ तयार झाली की माणूस ड्रायकडे वळतो, असे गृहीत धरलेले असते. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या हद्दीला भिडून बान्यूल्स, मोरी आणि रिवसाल्त या नावांच्या गोड लाल वाइन होतात. या मताची सर्वांत मोठी झळ त्यांना बसली आहे, आणि माझ्या मते हे मत मुळातच चुकीचे आहे. या वाइन जेवणाच्या ऐन मध्यावर, मांसाच्या ताटाबरोबर घ्यायच्या आहेत. त्यांना केवळ गोडाच्या पंगतीला बसवून आपण त्यांचा निम्मा गुण वाया घालवतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. गोडाने भूक मरते, म्हणून जेवणाच्या सुरुवातीला किंवा मध्यावर गोड पेला नको, हा त्यांचा पहिला मुद्दा. या वाइनमध्ये द्राक्षाचा मद्यार्क वरून घातलेला असतो. सोळा-सतरा टक्के मद्यार्काची वाइन जेवणभर पुरवली तर जेवणारा ताटावरून उठण्याच्या स्थितीत राहणार नाही, हा दुसरा. सर्वांत वजनदार मुद्दा चवीचा आहे. गोडी पदार्थाच्या बारीक चवी झाकून टाकते, उलट ड्राय वाइनमधले आम्ल आणि तुरटपणा तोंड स्वच्छ करतात आणि पुढच्या घासाची ओढ लावतात, असे ते म्हणतात. वर परंपरेची साक्षही काढली जाते: युरोपच्या उत्तम स्वयंपाकघरांनी गोड शेवटाला ठेवले, ते अनुभवातूनच. आणि बान्यूल्स व काळे चॉकलेट ही जोडी खरोखरच जमते. एक जोडी इतकी जमली की दुसरी शोधण्याची गरज कुणाला वाटत नाही.

या आक्षेपांना उत्तर देण्यापूर्वी ही वाइन कशी होते ते पाहायला हवे. निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

बान्यूल्सची द्राक्षे चार गावांच्या हद्दीत पिकतात: बान्यूल्स-स्युर-मेर, पोर-वांद्र, कोलियूर आणि सेर्बेर. पिरेनीजची डोंगररांग जिथे भूमध्य समुद्रात उतरते तो हा किनारा. उतार इतके उभे की शिस्ट खडकाचे तुकडे चुन्याशिवाय एकावर एक रचून बांध घालावे लागले आणि त्या बांधांमागच्या अरुंद पट्ट्यांवर वेली लावाव्या लागल्या. वर्षभर पाऊस बेताचा, पण येतो तेव्हा झोडपतो. माती समुद्रात जाऊ नये म्हणून उतारांवर तिरके दगडी पाट काढलेले आहेत. तिथले लोक त्या रचनेला कोंबड्याचा पाय म्हणतात. अशा जमिनीवर यंत्र चालत नाही, छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळे हाताने. ग्रनाश ही इथली मुख्य जात. ती उन्हात भरपूर साखर धरते, तिची साल फार तुरट नसते आणि त्रामोंतान नावाच्या कोरड्या उत्तरवाऱ्यात तिचे घड कुजत नाहीत. उत्पन्न मात्र कमी, हेक्टरी 3,000 लिटरच्या मर्यादेत. मोरी आतल्या बाजूला, आग्ली नदीच्या खोऱ्यात काळ्या शिस्टवर आहे; रिवसाल्तचा प्रदेश पेर्पिन्यां शहराभोवती दूरवर पसरलेला आहे. बान्यूल्स, मोरी आणि रिवसाल्त या तिन्ही नावांना फ्रान्सच्या कायद्याचे संरक्षण 1936 साली मिळाले. मूळ-स्थान-दर्जाच्या फ्रेंच व्यवस्थेतले ते अगदी पहिले वर्ष. ज्या वाइनला आज नवशिक्यांची समजले जाते, तिला त्या देशाने पहिल्या रांगेत बसवले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गोडी राखायची पद्धत त्याहून कितीतरी जुनी. 13व्या शतकाच्या अखेरीस माँपेलिये इथे वैद्यक शिकवणाऱ्या आर्नाउ दे विलानोवा या कॅटलन वैद्याला तिचे श्रेय दिले जाते. रस आंबत असताना त्यात द्राक्षाचाच शुद्ध मद्यार्क घालायचा. यीस्ट थांबते आणि उरलेली साखर तशीच राहते. ही साखर वरून घातलेली नसते, ती त्याच द्राक्षांची असते. तोडणीच्या वेळी रसात लिटरला किमान 252 ग्रॅम साखर असावी लागते, इतकी पक्वता कायद्यानेच मागितली आहे. मद्यार्क किती घालायचा यालाही मर्यादा आहे: रसाच्या 5 ते 10 टक्के. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये तयार वाइनचा जवळपास पाचवा हिस्सा वरून घातलेल्या मद्यार्काचा असतो. म्हणून पोर्ट 19 ते 22 टक्क्यांवर जाते, तर बान्यूल्स 16-17च्या आसपास थांबते. दोघींना एका कप्प्यात टाकणाऱ्यांनी हा फरक पाहिलेलाच नसतो.

मद्यार्क न घालता गोड लाल वाइन का करत नाहीत, हा प्रश्न इथे रास्त आहे. सोतेर्नच्या पांढऱ्या वाइनची गोडी ज्या बुरशीमुळे येते ती बोट्रायटिस लाल द्राक्षांना सोसत नाही. तिच्यातले लॅकेज हे विकर सालीचा लाल रंगच मोडून टाकते, वाइन तपकिरी पडते. थंडी देऊन आणि गाळून यीस्ट काढून टाकण्याचा मार्ग आहे. लिटरला 12 ते 45 ग्रॅम साखरेच्या, फ्रेंच लेबलांवर ‘मोएलो’ असे लिहिलेल्या हलक्या लाल वाइन त्या मार्गाने होतात. त्या बिनघोर प्यायच्या, थंड करून, तळलेल्या खाऱ्या पदार्थाबरोबर. त्यांना तुच्छ लेखण्याचे काही कारण नाही. पण जेवणातल्या स्थानाचा खरा दावा बान्यूल्स आणि मोरीचाच आहे, कारण त्यांच्यात गोडीबरोबर तुरटपणा आणि वयही असते.

वयाच्या बाबतीत त्यांची दोन घराणी आहेत. एकात वाइन हवेपासून जपली जाते आणि लवकर बाटलीत भरली जाते. बान्यूल्समध्ये तिला रिमाज म्हणतात. ती जांभळी, काळ्या बेरींच्या आणि चेरीच्या वासाची, सालीचा तुरटपणा शाबूत असलेली. दुसऱ्यात वाइनला मुद्दाम हवा दिली जाते. ती वर्षानुवर्षे लाकडात ठेवतात. मोरीत तर काचेच्या मोठ्या फुगीर बरण्या वर्षभर उघड्या अंगणात उन्हात आणि थंडीत उभ्या असतात. बान्यूल्स ग्रां क्रू म्हणवून घ्यायचे तर किमान 75 टक्के ग्रनाश आणि लाकडात 30 महिने, ही अट आहे. या वाइनचा रंग विटेकडे झुकतो, तुरटपणा मऊ होतो आणि वासात अक्रोड, सुके अंजीर, कॉफी, भाजलेला कोको येतो. ‘गोड लाल वाइन’ असा एकच शब्द वापरून दोघींसाठी एकच नियम करणे हीच पहिली चूक. बहुतेक जुळणीची पुस्तके ती करतात.

आता परंपरेची साक्ष. ती पूर्वपक्षाच्या बाजूने मुळीच नाही.

रुसियों प्रांत 1659च्या पिरेनीज तहाने फ्रान्सकडे आला. त्याआधी तो कॅटलन राज्याचा भाग होता आणि तिथली चूल आजही पुष्कळशी कॅटलन आहे. ‘सेंट सोवी’ हा 1324चा मानला जाणारा कॅटलन पाकग्रंथ उघडला तर बदामाचे दूध, साखर आणि मांस एकाच भांड्यात दिसतात. 1520 साली बार्सिलोनात छापलेल्या रूपेर्त दे नोलाच्या ग्रंथात अर्धवट भाजलेला पक्षी बदाम, दालचिनी आणि साखरेच्या रश्शात शिजवून पुरा करायची कृती आहे. फळ आणि मांस एकत्र आणणारी ही रीत तिथे मेलेली नाही. बदक आणि नाशपाती हा कॅटलन घरांतला नेहमीचा बेत आहे. गोड वाइन ज्या भूमीत जन्मली तिथे गोड आणि खारट यांच्यात भिंत नव्हतीच.

भिंत उत्तरेकडे उभी राहिली, आणि तीही उशिरा. 17व्या शतकात पॅरिसच्या स्वयंपाक्यांनी मांसाच्या रश्शांतून साखर आणि मसाले काढून टाकले. ला वारेन्यचा 1651चा पाकग्रंथ हा त्या बदलाचा मैलाचा दगड समजला जातो. ज्यां-लुई फ्लांद्रँ या इतिहासकाराने फ्रेंच जेवणातल्या पदार्थांच्या क्रमावर जो अभ्यास केला, त्यात साखर जेवणाच्या शेवटाकडे कशी सरकत गेली हे सविस्तर आले आहे. तरीही टेबलावर अनेक पदार्थ एकदम मांडण्याची जुनी फ्रेंच रीत होती तोवर प्रत्येकाला हवे ते हव्या त्या क्रमाने खाता येत असे. एकामागून एक पदार्थ आणून वाढण्याची रशियन रीत 19व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये रूढ झाली आणि मगच प्रत्येक पदार्थासमोर एक ठरलेला पेला हा विचार घट्ट झाला.

त्या काळातही गोड वाइन शेवटाला हाकलली गेली नव्हती. 7 जून 1867 रोजी पॅरिसच्या काफे आंग्लेत रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म आणि बिस्मार्क जेवले. अदोल्फ द्युग्लेरेने रांधलेले ते जेवण फ्रेंच पाककलेच्या इतिहासात तीन सम्राटांचे जेवण म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या वाइनच्या यादीत मादेरा आणि शेरीनंतर 1847ची शातो द’इकेम आहे, म्हणजे सोतेर्नमधली सर्वांत मानाची गोड वाइन. शांबर्तँ, शातो मार्गो, शातो लाफीत या लाल वाइन तिच्या नंतर येतात. इकेम पांढरी आहे, म्हणून लाल गोड वाइनबद्दल यातून थेट काही सिद्ध होत नाही. पण गोड वाइन जेवणाच्या आरंभी वाढली तर भूक मरते, हे सूत्र त्या शतकातल्या सर्वांत दक्ष स्वयंपाक्यांना मान्य नव्हते, एवढे निश्चित ठरते.

मग शेवटी गोड लाल पेला, हा क्रम आला कुठून? तो मुख्यतः इंग्रजांच्या पोर्टचा आहे. 1703च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागली, पोर्ट तिथली घरची वाइन झाली, आणि जेवण उरकून टेबल आवरल्यावर ती फिरवायची हा शिष्टाचार बनला. वाइनवरची जगभर वाचली गेलेली पुस्तके मोठ्या प्रमाणात इंग्रजीत लिहिली गेली आणि त्यांच्याबरोबर हा शिष्टाचार नियम म्हणून पसरला. फ्रान्समध्ये मात्र पोर्ट, रिवसाल्त, बान्यूल्स या सगळ्या वाइन प्रामुख्याने जेवणाआधी घेतल्या जातात. 1960च्या दशकापासून पोर्टचा सर्वांत मोठा ग्राहक फ्रान्स होता आणि ती पोर्ट जेवणाआधीचा पेला म्हणूनच खपत होती. भूक मारणारी म्हणून जी वाइन शेवटाला ढकलली जाते, तीच भूक चाळवण्यासाठी एक अख्खा देश रोज संध्याकाळी पितो. आपल्याकडे हॉटेल-व्यवस्थापनाच्या शिक्षणातून इंग्रजी क्रमच आला. शिवाय पणजी-म्हापशाच्या दुकानांतून आणलेली स्वस्त, गोड, लाल ‘पोर्ट वाइन’ ही महाराष्ट्रातल्या पुष्कळांची पहिली वाइन असते. ती मागे पडली की सगळीच गोड लाल वाइन मागे टाकायची, असा घाईचा निष्कर्ष निघतो.

मद्यार्काचा आक्षेप आकड्यांनीच तपासावा. बान्यूल्सचा पेला 60 मिलिलिटरचा भरायचा असतो. 16.5 टक्के धरले तर त्यात सुमारे 10 मिलिलिटर मद्यार्क जातो. मांसाबरोबर दिला जाणारा 14 टक्क्यांच्या ड्राय वाइनचा 150 मिलिलिटरचा पेला घ्या. त्यात 21 मिलिलिटर आहे. दक्षिण ऱ्होनमधल्या शातोनफ-द्यु-पापच्या ड्राय लाल वाइन मुख्यतः ग्रनाशच्याच असतात आणि सहज 15 टक्क्यांवर जातात. त्यांना रानडुकराच्या रश्शाबरोबर घ्यायला कुणी हरकत घेत नाही. म्हणजे हरकत मद्यार्काला नाही. ती गोडीला आहे आणि मद्यार्काच्या नावाने पुढे केली जाते.

साखरेचेही तसेच. बान्यूल्समध्ये लिटरला 90 ग्रॅम साखर धरली तर 60 मिलिलिटरच्या पेल्यात साडेपाच ग्रॅमही भरत नाही, साधारण एक चमचा. संत्र्याच्या रश्शातले बदक हा फ्रेंच स्वयंपाकाचा मानबिंदू. त्याच्या रश्शाचा पाया साखर कॅरमेल करून त्यात व्हिनेगर ओतून केलेला असतो. तो रस्सा ताटात वाढायचा आणि पेल्यात चमचाभर साखर आली की भूक मरेल म्हणायचे, ही विसंगती आहे. उलट अशा ताटाबरोबर ड्राय वाइन दिली की तिचे काय होते ते चाखून पाहावे. जिभेला गोडाची सवय झाली की पुढचा ड्राय घोट आंबट, पातळ आणि कडवट लागतो. चांगल्या बोर्दोची अशी दुर्दशा शेकडो टेबलांवर रोज होते आणि दोष स्वयंपाक्याला दिला जातो.

इथे आपण चवीच्या आक्षेपापाशी येतो. गोडी बारीक चवी झाकते, हे अर्धे खरे आहे. गोडी काय झाकते ते पाहायला हवे: कडवटपणा आणि आंबटपणाची धार. या दोन गोष्टी ज्या पदार्थात जास्त आहेत तिथे झाकणे हा उपकार असतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, त्यामुळे तोंड कोरडे आणि खरखरीत होते. मांसातली चरबी आणि प्रथिने तो परिणाम सौम्य करतात. म्हणून ड्राय लाल वाइन आणि मांस हे नाते जमते, आणि ते मी नाकारत नाही. पण रिमाजमध्येही तेच टॅनिन आहे. तिच्यात तुरटपणा आहे, आम्ल आहे आणि वर गोडी आहे. तोंड स्वच्छ करण्याचे काम ती करतेच, फक्त खरखर मागे ठेवत नाही. खारट पदार्थाशी तर गोडीचे नाते आणखी जवळचे: मीठ कडवटपणा दाबते, गोडी मिठाची टोचणी उतरवते आणि दोघे मिळून वासाला पुढे आणतात.

रॉकफोर घ्या. मेंढीच्या दुधाचे, काँबालूच्या गुहांत पिकवलेले, चांगलेच खारट आणि निळ्या बुरशीच्या तिखट वासाचे चीज. फ्रेंच जेवणात चीज गोडाच्या आधी येते. त्याच्यासमोर बहुधा उरलेली ड्राय लाल वाइनच संपवली जाते आणि दोघांची भेट तोंडात धातूसारखा कडू ठसा सोडते. तिथे जुनी बान्यूल्स ठेवली की चीजचे मीठ आणि वाइनचे अंजीर-अक्रोड एकमेकांना उचलतात. हे पूर्वपक्षातलेही पुष्कळ लोक मान्य करतात. पण मान्य केल्यावर ते थांबतात, आणि मला थांबायचे कारण दिसत नाही. रॉकफोरला जे लागू आहे ते मिठात मुरवून मंद शिजवलेल्या बदकाच्या तंगडीला लागू आहे, आलुबुखार घातलेल्या डुकराच्या मांसाला लागू आहे, बदकाच्या यकृताला लागू आहे आणि रक्त घालून दाट केलेल्या सशाच्या रश्शाला सर्वांत जास्त लागू आहे. त्या रश्शाचा लोहासारखा उग्रपणा ड्राय वाइनच्या तुरटपणाला भिडला की दोन्ही कठोर होतात. रिमाजच्या चेरीसमोर तोच रस्सा मऊ आणि खोल लागतो.

चॉकलेटच्या जोडीबद्दल बोलायलाच हवे, कारण तिच्या यशानेच बान्यूल्सला कोंडून ठेवले आहे. ग्रनाशच्या कोकोसारख्या वासामुळे सत्तर टक्क्यांच्या काळ्या चॉकलेटशी तिचे जमते, यात वाद नाही. पण प्रत्यक्षात समोर येतो तो केक. साय, साखर आणि दुधाचे चॉकलेट घातलेला. तो वाइनपेक्षा गोड असतो, म्हणून वाइन फिकी पडते, फक्त तिचा मद्यार्क जाणवतो. त्यात जेवणाऱ्याचे पोट भरलेले, जीभ थकलेली. अशा वेळी जे दोन घोट घेतले जातात त्यांवरून या वाइनचा न्याय केला जातो. चॉकलेट हाच जर पुरावा असेल, तर तो पुन्हा कॅटलन चुलीकडेच नेतो. तिथे मांसाच्या रश्शाला शेवटी बदाम किंवा हेझलनट, तळलेला पाव, लसूण आणि कित्येकदा थोडे काळे चॉकलेट कुटून केलेले वाटण लावतात. त्याला पिकादा म्हणतात. त्या रश्शाशी बान्यूल्स जशी एकजीव होते तशी कुठल्याही केकाशी होत नाही.

याचा अर्थ ही वाइन कशाशीही जाते असा नाही, आणि तसा दावा करणाऱ्या विक्रेत्यांनी तिचे भले केलेले नाही. वाफवलेला मासा, ताजे बकरीचे चीज, टोमॅटोचा आंबट रस्सा, हिरवी पालेभाजी यांच्यासमोर ती जड आणि चिकट वाटते. कोलियूरची खारवलेली अँकोव्ही ही बान्यूल्सच्या शेजारच्याच बंदराची, म्हणून ‘गावची वाइन, गावचा मासा’ असे सांगून कोवळी रिमाज तिच्यासमोर ठेवतात. ते चूक आहे. लाल वाइनमधले लोह आणि माशाचे तेल एकत्र आले की माशाचा उग्र वास सुटतो. अनेक वर्षे लाकडात काढलेली, तुरटपणा विरलेली वाइन तिथे चालते, कोवळी नाही. आणि साध्या मीठ-मिरपुडीच्या भाजलेल्या गोमांसाला मी आजही ड्राय वाइनच देईन. त्याला गोडीची गरज नाही.

मराठी वाचकाला ही बाजू पटवायला खरे तर फार शब्द लागू नयेत. आपल्या सणाच्या पंगतीत पक्वान्न शेवटी येत नाही. वरणभातानंतर श्रीखंड-पुरी किंवा पुरणपोळी येते, तिच्याबरोबर कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पापड सगळे चालू असते, जिलबीशेजारी मठ्ठा असतो, आणि जेवण संपते ते ताकभाताने किंवा दहीभाताने. गोडाने जीभ मरते असे इथे कुणाला वाटलेले नाही. म्हणून आपल्याकडच्या वाइनप्रेमींनी इंग्रजी क्रमाला धर्मशास्त्र समजावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणातले सुके मटण आणि विटकरी रंगाची जुनी रिवसाल्त यांच्यात खोबऱ्याचा आणि अक्रोडाचा भाजका वास समान आहे. मला ही जोडी कुठल्याही ड्राय शिराझपेक्षा सरस वाटते. गोव्याच्या सोर्पोतेलचा व्हिनेगर आणि चरबीही तिला पेलते. कोल्हापुरी तांबड्या रश्शाला मात्र ती देऊ नये. साखर मिरचीची आग शमवते हे खरे, पण मद्यार्क ती आग वाढवतो, आणि 16 टक्क्यांना तो झगडा साखर हरते.

नवशिक्यांच्या चवीचा निवाडा राहिला. त्यात चवीपेक्षा प्रतिष्ठेचा भाग जास्त आहे. 19व्या शतकात रशियन दरबाराला जाणारी शँपेन आजच्या कुठल्याही मापाने अतिगोड होती आणि ती पिणारे लोक नवशिके नव्हते. ड्राय शँपेनची मागणी इंग्लंडमधून आली, पॉमेरीने 1874ची ब्रूत त्या बाजारासाठी केली, आणि ड्राय म्हणजे सुसंस्कृत हे समीकरण हळूहळू रुळले. 20व्या शतकाच्या उत्तरार्धात रुसियोंच्या गोड वाइनची मागणी घसरत गेली, तसे तिथल्या शेतकऱ्यांनी त्याच वेलींची ड्राय वाइन करायला घेतली. 2011पासून मोरीच्या ड्राय लाल वाइनला स्वतंत्र दर्जाही आहे. त्यांना दोष देता येत नाही, पोट भरायला हवे. पण उभ्या उतारावरचे दगडी बांध दर हिवाळ्यात हाताने दुरुस्त करावे लागतात, आणि वर्षातून एकदा केकाबरोबर उघडल्या जाणाऱ्या बाटलीच्या पैशातून ते काम होत नाही. जेवणातली जागा परत मिळणे हा या वाइनच्या जगण्याचा प्रश्न आहे.

एक व्यवहाराची शंका नेहमी विचारली जाते: साठ-साठ मिलिलिटर वाढल्यावर उरलेल्या बाटलीचे काय करायचे? ड्राय लाल वाइन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरते. लाकडात आणि उन्हात वाढलेल्या बान्यूल्स, मोरी, रिवसाल्तला हवेची भीती नसते, कारण तिची घडणच हवेत झालेली असते. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर ती काही आठवडे चांगली राहते; वाढण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून 14-15 अंशांवर आणावी. रिमाजचे तसे नाही. ती आठवड्याच्या आत संपवावी, आणि घरी चार-सहा माणसे जेवायला असतील त्याच दिवशी उघडावी.